एका वस्तूला एकच नाव

मला एका जागी बसवत नाही. शाळेत बाई म्हणायच्या, हिच्या बाकाला काटे आहेत का ते बघा. नोकरीतून निवृत्त होऊन तीन महिने झाले, तरी सकाळचे नऊ वाजले की पाय आपोआप चपला शोधतात. इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी "कामाबद्दल काहीतरी लिहा, हलकंफुलकं" असं संपादकीणबाईंनी सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि मग पंधरा दिवस नुसती घरभर फिरले. हलकंफुलकं माझ्याकडे नाही असं नाही. तेही सांगते. पण एक गोष्ट अशी आहे की ती लिहायला घेतली की मी उठून गॅस बंद आहे ना ते पाहून येते. आतापर्यंत दोनदा पाहून आले. बंदच आहे.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण आमच्या बिल्डिंगमध्येही ते कोणाला धड माहीत नाही. मी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते आणि शेवटची काही वर्षं एका संशोधन प्रकल्पात होते. लहान मुलं शब्दांचे अर्थ कशी शिकतात, त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम बनवायचा, हे माझं काम. आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात नेपियर टाउनातल्या एका कोचिंग क्लासवाल्यांना हे कळलं तेव्हा ते पेढे घेऊन घरी आले. त्यांना वाटलं, महिन्याभरात पोराला फाडफाड इंग्रजी बोलायला लावणारं यंत्र मी तयार केलं आहे. बडा फुहाऱ्याच्या बाजारातल्या माझ्या कापडवाल्या भैयांची समजूत अशी की मी बोलणाऱ्या बाहुल्या बनवते. दर वेळी विचारायचे, दीदी, गुड़िया कब ला रही हो? शेवटी मी "अगली दिवाली" म्हणून मोकळी व्हायचे.

गोष्ट खरं तर साधी आहे, आणि साधी आहे म्हणूनच तिनं माझं डोकं खाल्लं. दीड वर्षाचं मूल खोलीत बसलं आहे. आई म्हणते, "बघ, चेंडू." खोलीत चेंडू आहे, पंखा आहे, मांजर आहे, आईची बांगडी आहे, भिंतीवर पाल आहे. यातलं चेंडू म्हणजे नेमकं कोणतं? बोट दाखवलं तरी त्या बोटाच्या दिशेला दहा वस्तू असतात. पण दुसऱ्या दिवशी अंगणात पुन्हा "चेंडू" ऐकू येतं, तिथे पंखा नाही, पाल नाही. तिसऱ्या दिवशी मावशीच्या घरी. असं होता होता बाकीच्या वस्तू गळत जातात आणि चेंडू उरतो. मूल हे सगळं खेळता खेळता, नाक पुसता पुसता करतं. माझ्या प्रोग्रॅमला त्यासाठी महिनोन्‌महिने लागायचे आणि तरी तो चुकायचा.

आम्ही लोकांच्या घरी जायचो. मुलाच्या झबल्याला एक खिसा शिवून त्यात लहानसा रेकॉर्डर ठेवायचो आणि कपाटावर एक कॅमेरा. दिवसभराचं ते रेकॉर्डिंग रुखसाना आपा ऐकायच्या. आपा गोहलपुरच्या, पन्नाशीच्या, तीन पोरांची आई, पूर्वी कचेरीबाहेर टायपिंग करायच्या. त्यांचे कान असे की शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी कितवी तेही सांगतील. त्या एका रकान्यात लिहायच्या काय ऐकू आलं, आणि शेजारच्या रकान्यात त्या वेळी मुलासमोर काय काय होतं. हे दोन रकाने प्रोग्रॅमला खायला द्यायचे. मग तो ठरवायचा कोणत्या शब्दाचा अर्थ काय.

घरंही एकेक नग होती. एका घरी रेकॉर्डर लावला रे लावला की अख्खं कुटुंब बातम्या वाचल्यासारखं बोलायला लागायचं. आजोबा नातवाला म्हणायचे, "कृपया गेंद उठाइए." पोरगं घाबरून भोकाड पसरायचं. त्या घराचं चार महिन्यांचं रेकॉर्डिंग आम्ही फेकून दिलं. आणखी एका घरी आईनं आदल्या रात्री मुलाकडून शब्द पाठ करून घेतले होते, परीक्षा असल्यासारखे. मी म्हटलं, बाई, आम्ही त्याची परीक्षा घेऊन नाही राहिलो, आमच्या प्रोग्रॅमची घेऊन राहिलो. तिला ते पटलं नाही. तिनं विचारलं, मग त्याला किती मार्क मिळाले?

मला सगळ्यात आवडलेलं घर गोहलपुरचंच, रुखसाना आपांच्या ओळखीतलं. बापाचं खिडक्यांच्या जाळ्या जोडायचं वर्कशॉप, आणि त्याच्या दारातच खाटेवर हे दीड वर्षाचं पोरगं. वेल्डिंग सुरू झालं की बाप ओरडायचा, "हट! हट!" प्रोग्रॅमनं महिनाभर ते रेकॉर्डिंग खाल्लं आणि निकाल दिला की "हट" म्हणजे ठिणग्या. आम्ही पोट धरधरून हसलो. पुढे दिवाळीला मी त्यांच्याकडे मिठाई घेऊन गेले. शेजारच्या पोरांनी फुलझडी पेटवली, तर खाटेवरचं ते पोरगं टाळ्या पिटत म्हणालं, "हट! हट!" मी तिथेच खाटेवर बसले. प्रोग्रॅम बरोबर होता. पोरालाही तसंच वाटत होतं.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं, असं आता म्हणते. तेव्हा मात्र छाती फुगली होती. महिनाभर मी भेटेल त्याला ही गोष्ट सांगत होते. माझा प्रोग्रॅम मुलाच्या डोक्यात शिरून पाहतो, असं मला खरोखर वाटायला लागलं. आणि याच गुर्मीत असताना ओवीचं घर मिळालं.

ओवीची आई स्नेहल. बँकेत, वर्ध्याहून बदली होऊन इथे आली. नवरा एका कंपनीत, महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. नेपियर टाउनात दुसऱ्या मजल्यावर भाड्याचं घर. स्नेहलची आई गेल्यावर तिनं वडिलांना इथे आणलं होतं. ते मोर्शीकडचे, आयुष्यभर एसटीत कंडक्टर. ओवी त्यांना आबाजी म्हणायची, म्हणून आम्हीही आबाजीच म्हणायचो. दिवसा घरात ओवी, आबाजी आणि तिला सांभाळायला येणाऱ्या सुनीता दीदी. दीदी हिंदी बोलायच्या, आबाजी मोर्शीचं मराठी बोलायचे, आणि आबाजी थांबायचे नाहीत. माणसांनी भरलेल्या गाडीत तीस वर्षं बोललेला माणूस रिकाम्या घरात काय गप्प बसणार? ओवीला भाजी निवडताना पालक दाखवायचे, खिडकीतून गाय दाखवायचे, आपल्या चष्म्याची काडी मोडली तर तीही दाखवायचे.

त्या दोघांचा एक खेळ होता. सोफ्यावर उशा ओळीनं मांडायच्या, ती एसटी. ओवी पुढच्या उशीवर, मागे तिची अस्वलं आणि बाहुल्या. आबाजी सुपारीच्या अडकित्त्यानं खुर्चीच्या दांड्यावर टिकटिक करायचे आणि हाळी द्यायचे, "समोर सरका, समोर सरका!" तिकडच्या एसटीत पुढे सरकायला असंच म्हणतात. ओवी खिदळत पुढच्या उशीवर सरकायची. रुखसाना आपांनी मला विचारलं, मैडम, समोर सरका के आगे क्या लिखूँ, सामने तो कोई चीज़ नहीं है. मी सांगितलं, सोडून द्या. माझ्या प्रोग्रॅमला वस्तूच कळायच्या. जे दाखवता येत नाही, ते त्याच्यासाठी नव्हतंच. आपांनी ती ओळ दर वेळी कापली.

आता मी थोडी फिरून येते.

आले. तर ओवीचे शब्द कमी होते. दोन वर्षांची झाली तरी थोडेच शब्द बोलते, असं प्ले स्कूलच्या बाईंनी स्नेहलला सांगितलं होतं. आम्ही आमच्या यादीवरून विचारलं, तेव्हाही खुणा थोड्याच पडल्या. आणि प्रोग्रॅमचं तर विचारूच नका. इतर घरांत जो भराभर शिकायचा, तो ओवीच्या घरात पार गोंधळला. चेंडू म्हणजे सोफा, मांजर म्हणजे दार, असलं काहीबाही ठरवू लागला. मी पाहिलं आणि म्हटलं, बघा, या घरातलं बोलणं ऐकून कोणालाच काही शिकता येणार नाही.

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. रेकॉर्डर घेऊन मी निघाले होते, दारात चपला घालत होते. स्नेहलनं विचारलं की घरात दोन भाषा आहेत म्हणून असं होतं का. हा प्रश्न माझा नव्हता. आमच्या प्रकल्पात मानसशास्त्राचे एक सर होते, त्यांना विचारा म्हणायला हवं होतं. पण मला घाई होती, आणि आपल्याला येतं असं वाटत होतं. मी एक पाय चपलेत घालत सांगितलं, एकच भाषा ठेवा सहा महिने, हिंदी ठेवा, बाहेर तीच आहे, प्रोग्रॅमही तेच सांगून राहिला. स्नेहलनं मान डोलावली. तिच्या मागे आबाजी उभे होते, हातात तिळगुळाचा डबा. त्यांनी मला तिळगूळ दिला.

पुढच्या महिन्यात रेकॉर्डिंग आलं. रुखसाना आपांनी कानावरचे हेडफोन काढून सांगितलं, दादाजी की आवाज़ ही नहीं है. मी म्हटलं, अच्छा है, काम साफ हो गया. नंतर मी ते रेकॉर्डिंग स्वतः ऐकलं आहे, अनेकदा. आवाज नाही असं नाही. खोकला आहे. खुर्चीची करकर आहे. एकदा "अवो ओवी, पाय बरं...", म्हणजे पाहा बरं, असं सुरू होतं आणि स्नेहलचा आवाज येतो, "बाबा, हिंदी." मग बराच वेळ नुसता पंखा. तेव्हा मात्र मी काहीच ऐकलं नाही. मी प्रोग्रॅमचा आलेख पाहत होते, आणि तो वर चालला होता. बघा, एक भाषा ठेवली तर कसं सुधारलं. एप्रिलमधल्या बैठकीत मी तो आलेख पडद्यावर दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओवी स्वतः किती बोलायला लागली, हे कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही, कारण मी पाहिलंच नव्हतं.

मे महिन्यात उन्हानं जीव नकोसा झाला होता. कॉलेजात लाइट गेलेली, आम्ही दोघी खिडकीत ताक पीत बसलो होतो. रुखसाना आपा कधी उगाच बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "मैडम, एक बात पूछूँ? मैं पचास की होके दादाजी से चेंडू सीख गई. गेंद तो नहीं भूली."

मी हसले. मग ताक तसंच राहिलं. आपांना मराठी येत नव्हती. दोन-अडीच महिने हेडफोनमधून आबाजींना ऐकून त्या चेंडू, मांजर, खिडकी, चष्म्याची काडी, सगळं शिकल्या होत्या. त्यांना हिंदी होती, घरची उर्दू होती, माहेरची बुंदेली होती. त्यांच्या डोक्यात प्रत्येक वस्तूला तीन-तीन नावं सुखानं राहत होती, आणि आबाजींनी चौथं आणून ठेवलं तरी कोणी कोणाला ढकललं नव्हतं. मग माझ्याच प्रोग्रॅमला दोन नावं का जड जात होती?

लाइट आल्यावर मी प्रोग्रॅम उघडला. नियम माझ्याच हातचा होता, प्रकल्पाच्या पहिल्या वर्षी लिहिलेला. एका वस्तूला एकच नाव. म्हणजे असं, की मुलासमोर वाटी आणि झारा ठेवा. वाटीचं नाव त्याला माहीत आहे, झाऱ्याचं नाही. "झारा दे" म्हटलं तर ते झाराच देतं, कारण वाटी तर वाटी आहे, म्हणजे हे नवीन नाव त्या दुसऱ्याचं असणार. मुलं खरंच असा अंदाज करतात. मी त्याचा नियम केला, आणि चांगला घट्ट केला: वस्तूला एकदा नाव चिकटलं की दुसरं नाव आलं तर हाकलायचं. तोवरची आमची सगळी घरं एका भाषेची होती, तिथे तो नियम छान चालला. ओवीचं घर आमचं पहिलं दोन भाषांचं. तिथे प्रोग्रॅमनं आधी गेंद घेतली आणि मग आबाजींचा चेंडू हाकलला, तो सोफ्यावर जाऊन पडला. मांजर दारावर पडली. गोंधळ ओवीचा नव्हता. गोंधळ माझ्या त्या दोन ओळींत होता, आणि मी तो एका मुलीच्या डोक्यावर लिहून आले होते.

नियम सैल केला. संक्रांतीच्या आधीचं, आबाजींच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग पुन्हा घातलं. गेंदही जागेवर आली आणि चेंडूही. मग आम्ही दोघींनी बसून ओवीचे तेव्हाचे शब्द दोन्ही भाषांतले मोजले. आमची विचारायची यादी हिंदी होती, तिच्यात चेंडूला जागाच नव्हती. ओवी सुनीता दीदींशी काही शब्द बोलायची आणि आबाजींशी काही वेगळे. दोन्ही एकत्र केल्यावर ती तिच्या वयाच्या मुलांच्या मागे नव्हतीच. रुखसाना आपांनी माझा ग्लास विसळून ठेवला.

आणि मी कोण? मी याच शहरात मराठीत वाढले, हिंदीत शिकले, नागपूरच्या मामाकडे एक बोलले आणि गल्लीत दुसरं. दिवसभरात कितीदा इकडून तिकडे उडी मारते ते मलाच कळत नाही. माझा मुलगा आज पुण्यात राहून माझ्याशी फोनवर हिंदीत बोलतो, ते मला लागतं. आणि मीच दोन नावांची मनाई करणारा नियम लिहिला. बाहेरच्या कोणी लिहिला असता तर मी त्याची पिसं काढली असती. माझी मलाच लाज वाटली, अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि नेपियर टाउन गाठलं. फोन करून जायचं सुचलं नाही. संक्रांतीनंतर मी तिथे फिरकलेच नव्हते, रेकॉर्डर दुसरंच कोणीतरी आणायचं. स्नेहल नुकतीच बँकेतून आली होती. खुर्चीवर आबाजी नव्हते, त्यांचा अडकित्ता नव्हता. होळीनंतर ते मोर्शीला परत गेले होते. इथे माझं काय काम, असं म्हणाले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नियम, यादी, टाळ्या, काही लपवलं नाही. बसायला जमलंच नाही.

स्नेहल ऐकत होती. तिचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही चपला घालता घालता सांगितलं होतं. मी चार महिने पाळलं. माझ्या बापाला मी दिवसातून दहादा गप्प केलं, ते गेल्यावर फोनवरही."

मी म्हटलं, आता त्यांना फोन लाव, मी बोलते. तिनं व्हिडिओ कॉल लावला. ओवी धावत आली आणि आईच्या मांडीवर चढली. पडद्यावर आबाजी दिसले, वाळल्यासारखे. मागे पडवी. समोर कसलंतरी पुस्तक उघडं होतं, पहिलीतल्या पोरांचं, चित्रांचं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचल्यासारखं म्हणाले, "ओवी बेटा, देखो, यह गाय है. गाय दूध देती है."

तो माणूस सत्तरी ओलांडल्यावर, मोर्शीत बसून, नातीशी बोलता यावं म्हणून हिंदी शिकत होता. स्नेहलला हे माहीत होतं, मला नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. फोन हातात घेऊन म्हटलं, आबाजी, मराठीत बोला तिच्याशी, चूक झाली होती.

ते गोंधळले. म्हणाले, "पण मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरनं सांगतलं होतं न?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटरनं नाही सांगितलं, आबाजी. मी सांगितलं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मग त्यांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला, आणि आवाज एकदम जुना झाला. "काहून वं ओवी, जेवली काय माय? मांजर कोठी गेली तुयी?"

ओवीनं मान वाकडी करून ऐकलं. मग बोट हलवत, हुबेहूब आईच्या सुरात म्हणाली, "आबाजी, ऐसे नहीं. हिंदी में बोलो."

स्नेहलनं फोन पालथा ठेवला. इतकी वर्षं मी मुलांना वस्तूंची नावं कशी कळतात ते शोधत होते. ही पोरगी चार महिन्यांत, कोणी न दाखवलेली गोष्ट शिकली होती: आबाजींचं बोलणं हे चुकीचं बोलणं असतं. ते तिला कोणी शब्दांत सांगितलं नव्हतं. तिनं नुसतं पाहिलं होतं की आजोबा तोंड उघडतात आणि आई त्यांना थांबवते, पुन्हा उघडतात, पुन्हा थांबवते. चार महिने तेच तेच, आधी घरात, मग फोनवर. ते तिनं अगदी पक्कं शिकून घेतलं. माझा प्रोग्रॅम शिकला असता, तसंच.

जूनअखेर मी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात एप्रिलमधल्या त्या आलेखाची चूक सगळ्यांसमोर सांगितली. एक-दोघांनी नंतर येऊन म्हटलं, मॅडम, आजच्या दिवशी कशाला? मला ते तेव्हाच सांगायचं होतं, नाहीतर मी शाल घेऊन घरी पळाले असते. आता मी रोज संध्याकाळी स्नेहलकडे जाते. स्नेहलनंच सांगितलं, या म्हणून. पहिले काही आठवडे तिनं माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, आणि तिचं बरोबर होतं. मी ओवीशी मराठीत बोलते, ती मला हिंदीत उत्तर देते. कधी कधी दुरुस्त करते. मी ऐकून घेते. रुखसाना आपांनी संक्रांतीच्या आधीचं सगळं रेकॉर्डिंग एका पेन ड्राइव्हवर भरून दिलं. त्यात कापलेल्या ओळींचे आवाजही होते, मूळ रेकॉर्डिंगमध्ये होतेच ते. पण ओवीला ते ऐकवायची माझी हिंमत झाली नाही.

आबाजी परत यायला तयार होईनात. पोरीले त्रास होते, म्हणायचे. स्नेहलनं समजावलं, मी समजावलं. शेवटी ऑगस्टमध्ये आले. स्नेहलला सुटी मिळाली नाही, म्हणून ओवीला घेऊन मीच स्टेशनवर गेले. अमरावतीची गाडी सकाळी येते. आबाजी पिशवी घेऊन उतरले, ओवीला पाहिलं आणि थबकले. मी पाहिलं, त्यांचे ओठ हलले आणि थांबले. कोणत्या भाषेत बोलावं हे त्या माणसाला कळत नव्हतं. शेवटी हळूच म्हणाले, "कैसी हो, बेटा?" ओवी माझ्या मागे लपली.

ऑटोपर्यंत आम्ही तिघं चालत गेलो. मला राहवत नव्हतं, काहीतरी बोलावं म्हणून मी पावसाबद्दल बोलले, कोणी ऐकलं नाही. ऑटोत मी आधी बसले, मधोमध. आबाजी अवघडून कडेला टेकले, पिशवी मांडीवर घेऊन. ओवीला बसायला जागा उरली नाही. ती ऑटोच्या दारात उभी राहिली, आमच्याकडे पाहिलं, कमरेवर हात ठेवले. आणि मोर्शीच्या कंडक्टरच्या आवाजात, अख्ख्या स्टॅंडला ऐकू जाईल असं म्हणाली,

"समोर सरका, समोर सरका!"

रेकॉर्डर माझ्याजवळ नव्हता, आणि असता तरी मी लावला नसता. ऑटोवाला हसला. ही तीच ओळ, जी मी दर वेळी कापायला लावली होती, कारण तिच्यासमोर दाखवायला कोणती वस्तू नव्हती. पुढे घरी पोचेपर्यंत ओवी पुन्हा हिंदीच बोलली, आणि आजही जास्त करून हिंदीच बोलते. मी काही फार मोठी आशा धरून बसलेली नाही, बसणं मला जमतही नाही.

पण तेव्हा, ऑटोत, आबाजींनी पिशवी खाली ठेवली. ते सरकले. मीही सरकले.